आप्पा आणि पाणी पिणारं मशीन

भानुदास आप्पा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी मागच्या दारापर्यंत जाऊन येत. "या, बसा" म्हणणाऱ्याला त्याची सवय झालेली असे. मागं कोण आहे, चूल कुठं आहे, कुठली भिंत ओली आहे, हे पाहून झालं की मगच ते टेकत, आणि टेकतानाही पाठ भिंतीला लावून. चहा आला की कप हातात धरून थांबत. समोरच्यानं पहिला घोट घेतला की मग स्वतः पीत. त्यांना विषाबिषाची भीती नव्हती. "च्या कसा झालाय ते समोरच्याच्या तोंडावरनं कळतं. आपलं तोंड कशाला पोळून घ्यायचं?" असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा पटका. बोलताना मान जरा तिरकी, जणू तुमच्या शब्दांच्या पलीकडे काही दिसतंय का ते बघतायत. हातात वस्तू आली की तिला बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचे. घागर, टरबूज, दार, नवीन बांधलेली भिंत, सगळं. त्यांच्या बायकोला, पारूकाकूंना, कुणी विचारलं की आप्पांचा स्वभाव पहिल्यापासून असाच का, तर त्या म्हणायच्या, "लग्न होऊन जन्म गेला बाई, पण माजी चौकशी अजून चालूच हाय."

मी मूळची धारूरची. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी आत्याकडे राहून शिकले आणि तंत्रनिकेतनातून पदविका घेतली. युसूफ वडगावच्या जवळच्या एका गावात औद्योगिक सहकारी संस्था होती, तिथं मला लेसर वेल्डिंगच्या मशीनवर काम मिळालं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. आप्पांना ते आवडलं नसतं. ते त्या संस्थेचे संचालक होते, आणि संचालक मंडळात त्यांचं काम एकच होतं. सगळ्यांनी मंजूर म्हटलं की आप्पा म्हणत, "मला शंका हाय."

मी रुजू झाले त्याच दिवशी ते शेडमध्ये आले. आधी मागच्या दारापर्यंत जाऊन आले, मग माझ्यासमोर उभे राहिले.

"तू धारूरची. मग हितं कावून?"

"काम मिळालं म्हणून."

"धारूरला काम न्हाई?"

"लेसरचं नाही."

"आन् ही लेसर आमच्याच गावात कावून आली? संभाजीनगरला जागा न्हाई व्हय?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. चेअरमन निवृत्तीअण्णा मला गप्प बसायची खूण करत होते, तरी मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "इथं शेड स्वस्त मिळाली, आणि बायका कमी पगारात काम करतात."

आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हां. हे पटलं," ते म्हणाले, आणि निघून गेले. निवृत्तीअण्णांनी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी बोलायला लागले. इतरांशी ते बोलत नसत, फक्त विचारत.

गावात त्यांना मान होता, आणि तो या शंकांमुळेच होता. मी यायच्या आधीच्या एका दुष्काळात आसपास चारा छावण्या उघडल्या होत्या. जनावरं किती, त्यावर छावणीला चारा मिळायचा. आप्पांना एका छावणीतली जनावरं जरा जास्तच धष्टपुष्ट वाटली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सकाळी गेले, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवत, "बिचारी जित्राबं," असं म्हणत हिंडले, आणि हिंडता हिंडता कितीतरी जनावरांच्या शिंगांच्या बुडाला गेरूचं बोट ओढून आले. दुपारी दुसऱ्या गावच्या छावणीत तपासणीला साहेब येणार होते. आप्पा तिथं आधीच हजर. साहेबांची गाडी यायच्या जरा आधी ट्रकमधून उतरलेल्या म्हशींच्या शिंगांना गेरू होता. आप्पा साहेबांना एवढंच म्हणाले, "साहेब, ह्या म्हशी सकाळी मला भेटल्यात." त्या दोन्ही छावण्या चालवणारा माणूस पुढं पुन्हा गावात ताठ मानेनं हिंडला नाही. हा किस्सा मला प्रत्येकानं सांगितला, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात म्हशी वाढत गेल्या.

दुसरा एक किस्सा मात्र कुणी मोठ्यानं सांगत नसे. तो मला पारूकाकूंनी ज्वारी निवडता निवडता सांगितला.

आप्पांचा धाकटा भाऊ लवकर गेला. त्याची मुलगी सुनंदा आप्पांनीच वाढवली. स्वतःच्या लेकरांपेक्षा तिला जास्त जपलं. बारावी झाल्यावर तिला आष्टीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं साधी. बोलणी झाली, पोहे झाले, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. बैठक मुलाच्या घरी होती. आप्पा उठले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवरचे डबे वाजवून पाहिले. सगळे भरलेले निघाले. आप्पांना तिथंच शंका आली. दुष्काळी मुलखात, आणि एकूण एक डबा भरलेला? आपण येणार म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेलं असणार. ते बाहेर आले आणि चप्पल घालून चालायला लागले.

"मग खरंच मागून आणलेलं होतं?" मी विचारलं.

"कशाचं बाई. त्या मास्तरची आई आदल्या दिसी नगरहून बाजार घिऊन आलती. घरात पाव्हणे येणार म्हणल्यावर कुणी डबे रिकामे ठिवतं का?" काकू सुपातला एकेक खडा वेचत राहिल्या. "त्या पोराचं दुसरीकडं झालं. सुखात हाय. आमची हितंच हाय."

मी गावात होते तेव्हा सुनंदा तिशीच्या आसपास असेल. नंतर आलेली स्थळं या ना त्या कारणानं फिसकटली. ती कमी बोलायची आणि चालताना कुठंच बघायची नाही. आप्पांना ती "आप्पा" म्हणायची, त्यांचं सगळं करायची, पण त्यांच्यासमोर कधी बसलेली मी पाहिली नाही.

आमच्या संस्थेत सौरपंपांच्या आणि बॅटरीवरच्या रिक्षांच्या बॅटऱ्यांसाठी तांब्याच्या पट्ट्या जोडायचं काम चाले. काम कंपनीचं, मशीन कंपनीचं, शेड आणि बायका संस्थेच्या. पहिलं मशीन होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचं. लोखंडावर ते उत्तम चाले. तांब्यावर आलं की त्याची फजिती व्हायची. तांबं म्हणजे त्या प्रकाशाला आरसाच. आलेला बहुतेक प्रकाश तसाच परत फेकायचं. म्हणून ताकद वाढवावी, तर एकदा का तांबं वितळायला लागलं की तेच इतका प्रकाश एकदम गिळायचं की रस उडायचा आणि जोडात भोकं पडायची. वरून टाका चांगला दिसायचा, ओढून पाहिलं की हातात यायचा. कंपनीनं माल परत पाठवला तेव्हा आप्पांची खात्रीच पटली की कुणीतरी मुद्दाम खराब करतंय. त्यांनी एकेका बाईला विचारलं. मला तर तीनदा.

मग कंपनीनं ते मशीन नेलं आणि नवीन आणून बसवलं, निळ्या प्रकाशाचं. तांब्याच्या जोडासाठी तेव्हा ही नवी गोष्ट होती. आप्पा दुसऱ्याच दिवशी आले.

"आता ह्यानं काय होतंय?"

"आप्पा, तांबं लालसर कावून दिसतं? लाल उजेड ते परत फेकतं म्हणून. निळा परत फेकत नाही, गिळतं. म्हणून निळ्या उजेडानं ते गुमान वितळतं."

"गिळतं?" त्यांनी पट्टी टकटक वाजवली. "गिळतं तर मग जातं कुठं?"

"त्याचीच धग होते."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे. "चालू कर. बगू दे."

मी त्यांना चष्मा दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला. "आदीचा हिरवा हुता. ह्यो नारिंगी. कावून बदलला?"

"ज्या रंगाचा उजेड, त्याला अडवणारी काच वेगळी असते. जुना चष्मा याला चालत नाही."

"म्हंजे जे दिसाय पायजे तेच ह्यो चष्मा अडीवतो."

"हो. नाहीतर डोळे जातील."

"मग मी बघायचं काय?" त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मी बिनचष्म्याचा बगणार."

मी मशीनची चावी काढून मुठीत धरली. म्हटलं, "आप्पा, तुम्ही संचालक आहात, मला कामावरून काढा. पण उघड्या डोळ्यांनी बघू देणार नाही." शेडमधल्या बायका काम थांबवून बघत होत्या. आप्पांनी माझ्या मुठीकडं पाहिलं. मग मी त्यांना मशीनच्या कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. पडद्यावर तांब्याचा थेंब शांतपणे पसरत गेला, एक ठिणगी उडाली नाही. त्यांनी ते तीन-चार वेळा बघितलं. जाताना म्हणाले, "टीव्हीत काय, कायबी दावत्यात." पण गार झालेली ती जोडलेली पट्टी मात्र त्यांनी मागून घेतली, उलटी करून पाठीमागचा टाका निरखला, आणि खिशात टाकून घरी नेली. पारूकाकू सांगत होत्या, दोन दिवस पकडीत धरून ओढत बसले होते.

त्या साली पाऊस झालाच नाही. मांजरा नदीकाठची विहीर फाल्गुनातच आटली. गावात टँकर सुरू झाले. टँकर आला की बायका-पोरं घागरी घेऊन धावायची, आणि ज्यांची घरं लांब त्यांना तळाचं गढूळ मिळायचं. आमच्या शेडच्या मागं एक पेटी होती, मोठ्या कपाटाएवढी. तिच्यात पाणी असायचं. मशीन तापू नये म्हणून ते पाणी नळीतून आत जायचं आणि गरम होऊन परत यायचं. तिला चिलर म्हणत. दिवसभर घुमायची.

एके दिवशी कंपनीचा माणूस येऊन त्या पेटीतलं पाणी बदलून गेला. जुनं पाणी त्यानं शेडमागच्या मातीत ओतलं. त्यात औषध असतं, ते पिता येत नाही, जनावरालाही देता येत नाही. नवीन पाणी त्यानं शहरातून कॅनमध्ये आणलं होतं. तो निघून गेल्यावर थोड्या वेळानं आप्पा तिकडून चालले होते. सगळा मुलूख भेगाळलेला, आणि शेडमागची माती ओली. त्यांनी वाकून माती हातात घेतली. नळी बघितली, घुमणारी पेटी बघितली.

ते मला विचारायला आले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मी त्या दिवशी केजला गेले होते. आप्पा तिथून सरळ टँकरच्या रांगेपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या मशीनला पाणी कुटून येतंय?"

एवढंच. नंतर ते मला शपथेवर सांगत, "मी निसतं इचारलं." पण छावणीच्या म्हशी पकडणाऱ्या माणसानं विचारलं म्हटल्यावर गावानं उत्तर स्वतःच ठरवलं. आधी मशीन रोज चार घागरी पितं असं झालं. मग टँकर आधी शेडला रिकामा होतो असं झालं. मग जमिनीखालून पाइप टाकलाय असं झालं. आमच्याकडच्या बायकांना टँकरच्या रांगेत मागं ढकलायला लागले. "तुमाला काय कमी? तुमचं मशीन पाजील की," असं तोंडावर म्हणायला लागले. मशीनवरच्या कांताबाईची घागर कुणीतरी लाथेनं पाडली. ती रिकामी घागर घेऊन सरळ कामावर आली आणि चष्मा लावून बसली.

मग एका सकाळी माणसं कुलूप घेऊन शेडवर आली. पुढं दगडू होता. शेडच्या वाटेला त्याचं शेत, तोंडाचा फाटका. निवृत्तीअण्णा घाबरून गेले. त्या साली आमच्याकडच्या कितीतरी बायका या कामामुळं कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या नव्हत्या, लेकरं शाळेत राहिली होती. कुलूप लागलं की कंपनी मशीन उचलणार आणि पुढच्या हंगामाला त्या पुन्हा उसाच्या फडात. हे त्यांनी लोकांना सांगून पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं.

तेवढ्यात आप्पा आले. गर्दी बाजूला झाली. दगडू म्हणाला, "आप्पा, तुमीच लावा कुलूप."

आप्पांनी कुलूप हातात घेतलं, वाजवलं आणि परत दिलं. "मला आदी बगू दे. मी हितं बसतो. पाणी पीत आसंल तर मीच लावीन."

ते खरंच बसले. पेटीजवळच्या लिंबाखाली बाज टाकून. पेटीच्या टाकीला काचेची पट्टी होती, तिच्यावर पाण्याची पातळी दिसे. तिथं त्यांनी चुन्याची रेघ ओढली. झाकणाला सुतळी बांधून गाठीवर स्वतः लाख वितळवून ओतली. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी यायचे, बंद झाल्यावर लाख तपासून जायचे. मी म्हटलं, "आप्पा, हे ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखं आहे. तेच पाणी फिरत राहतं."

"रेडिएटर बी गळतो," ते म्हणाले.

पाइपाची शंका होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुलांना टिकाव-फावडी देऊन शेडभोवती चर खणायला लावला. मुरूम लागला, दगड लागला, पाइप लागला नाही. ओल्या मातीचं काय, म्हणून त्यांनी माझ्याकडून कंपनीच्या माणसाला फोन लावून घेतला आणि त्याला तेच तेच फिरवून फिरवून विचारलं. तो शेवटी वैतागून म्हणाला, "काका, ते पाणी बदलावंच लागतं हो, आणि एकदा बदललं की कितीतरी महिने चालतं." पाण्याची रेघ जागची हलली नव्हती. आप्पांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. छावणीत खोटं सापडलं तेव्हा ते असे दिसले नसतील. इथं काहीच सापडत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ते मारुतीच्या पारावर उभे राहिले. सगळं गाव जमलेलं. मीही मागं बायकांत उभी होते.

"मी बसून बगितलं," आप्पा म्हणाले. "मशीन पाणी पीत न्हाई. पाइप न्हाई. मी इचारलं ते चुकलं माजं."

आप्पा चुकलं म्हणतायत हे लोकांच्या ध्यानात यायलाच वेळ लागला. मग गर्दीतून आवाज आला. "आप्पा, सुनंदाला घेतलं म्हणं कामावर?"

आप्पांनी वळून पाहिलं. "कोन म्हंतंय?"

"समद्या गावाला म्हाईत हाय."

ते खरं होतं. नव्या मशीनसाठी आणखी बायका हव्या होत्या, तेव्हा कंपनीनं चाचणी घेतली होती. सुनंदानं ती दिली होती. तिचा हात स्थिर होता, नजर पक्की होती, ती निवडली गेली, फक्त रुजू व्हायची राहिली होती. हे सगळं पाण्याच्या भानगडीच्या आधीच झालं होतं. तिनं आप्पांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यांनी शंभर शंका काढल्या असत्या. आप्पांना खरंच ठाऊक नव्हतं. ते पारावर तोंड उघडं ठेवून उभे होते, आणि ते उघडं तोंड बघून लोकांना वाटलं, चोर सापडला.

"बराबर हाय," दगडू म्हणाला. "पोरगी आत, म्हणल्यावर मशीन कशाला पाणी पील?"

लोक हसले. त्याच दुपारी शेडला कुलूप लागलं.

संध्याकाळच्या आत आप्पा माझ्या खोलीवर आले. सुनंदा माझ्याकडंच बसली होती, तिला बघून ते दारातच थांबले. मागच्या दाराकडं गेले नाहीत. उभ्याउभ्याच माझ्याकडं बघून म्हणाले, "वैशाली, हिचं नाव यादीतनं काढ. आत्ता काढ. म्हंजे मला उद्या पारावर सांगता यील."

मी काही बोलायच्या आत सुनंदा उठून उभी राहिली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. "आप्पा, तुमच्या शंकेपायी माजं एक घर गेलं. तवा मी कायबी बोलले न्हाई. हे काम मी माज्या हातानं मिळीवलंय. हे सोडणार न्हाई. लोकं तुमाला खोटं म्हणंनात का."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी कितीतरी माणसांकडं रोखून पाहिलेलं मी पाहिलं होतं, पण त्यात नेहमी काहीतरी शोधणं असायचं. आता ते नव्हतं. त्यांनी विचारलं, "आष्टीचं तुला करायचं हुतं?"

"तुमी कदी इचारलंच न्हाई," सुनंदा म्हणाली.

आप्पांनी पटका काढला, हातात धरला, पुन्हा डोक्यावर ठेवला आणि निघून गेले. ते घरी गेले नाहीत. दगडूच्या मळ्यात गेले. तिथं काय झालं ते दगडूनंच मला पुढं सांगितलं.

आप्पा त्याला म्हणाले, "मी म्हंतो म्हणून मानू नगंस. तू बस."

"मी? मी कशाला बसू बे?" दगडू इतका गोंधळला की आप्पांना बे म्हणून गेला.

"तुला शंका हाय म्हणून. ज्याला शंका हाय त्यानं बसाय पायजे. कुलूप काढ, मशीन चालू होऊ दे, आन् माज्या जागी तू बस. रेघ तू ओढ. लाख तू लाव."

दगडू बसला. आप्पांनी घातलेल्याच बाजेवर, लिंबाखाली. त्यानं आप्पांची चुन्याची रेघ पुसून स्वतःची ओढली. दोन दिवसांनी तो पारावर म्हणाला की मशीन पाणी पीत नाही. लोक म्हणाले, दगडूलाही गाठलं. दगडू असा चिडला की ज्यानं ते म्हटलं त्याचा हात धरून त्यालाच बाजेवर आणून बसवला. मग तोच रिवाज पडला. शंका बोलून दाखवणाऱ्यानं बाजेवर जाऊन बसायचं. एकामागून एक माणसं येत गेली. कांताबाईची घागर पाडणारा आला, तेव्हा तिनंच त्याला चहा नेऊन दिला आणि तो पिईपर्यंत समोर उभी राहिली. कुणी सगळ्यांदेखत विश्वास आहे असं म्हटलं नाही. पण बसायला कुणी उरलं नाही तेव्हा बाज रिकामी राहिली, आणि टँकरच्या रांगेत आमच्या बायकांना पुन्हा जागा मिळायला लागली. कंपनीचं मशीन राहिलं. पुढच्या हंगामातही कोयता घ्यायला कुणी गेलं नाही.

आप्पांचं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. पुढच्या सभेत त्यांनी "मला शंका हाय" म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आता कुणाला लावायचं हाय कामाला, आप्पा?" सगळे हसले. निवृत्तीअण्णाही. संस्थेच्या निवडणुकीत ते पडले. ज्या माणसानं गावाला खोटी जनावरं दाखवून दिली होती, त्याला त्याच गावात मतं मागायला कुणी बरोबर आलं नाही. ते घरीच राहू लागले. मी कधी गेले की ओट्यावर बसलेले असायचे. चहा आला की मी पिते का याची वाट बघायचे नाहीत.

एकदा मी म्हटलं, "आप्पा, लोक विसरतील."

"लोकांनी मला खोटं म्हणलं, त्येचं कायबी न्हाई," ते म्हणाले. "मी तेंच्या जागी असतो तर मी बी हेच म्हणलं असतं. डोळे झाकून म्हणलं असतं. त्येच लागतंय मला."

आतून सुनंदाच्या पावलांचा आवाज आला. ती कामावरून आली होती. येऊन ती त्यांच्याजवळ ओट्यावर बसली आणि पायांची धूळ झटकायला लागली. आप्पा जरा सरकले.

पुढं मला वाळूजला काम मिळालं आणि मी गाव सोडलं. नंतर एकदा अंबाजोगाईला जायला एसटीत बसले होते. केजच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून सगळ्या गाड्या थांबून थांबून सरकत होत्या. खिडकीतून पाहिलं तर शेजारी एक स्कूटी येऊन उभी राहिली. चालवणारी सुनंदा होती. ओढणी तोंडाला घट्ट गुंडाळलेली, तरी मी तिला ओळखलं. तिच्या पाठीमागं आप्पा बसले होते. एका हातात औषधाची पिशवी, दुसरा हात तिच्या खांद्यावर. दवाखान्यातून परत चालले असावेत.

मी काच सरकवायला लागले, पण ती अडकली होती. हाक मारली ती इंजिनाच्या आवाजात गेली. समोरच्या माणसानं हिरवा झेंडा दाखवला. सुनंदानं खड्डा चुकवायला स्कूटी अगदी ट्रकला घासून नेली. मीच समोरचा दांडा घट्ट धरला. पण आप्पा हलले नाहीत. त्यांचं डोकं तिच्या पाठीवर टेकलेलं होतं आणि डोळे मिटलेले होते. धूळ फार उडत होती, म्हणून मिटले असतील, किंवा त्यांना झोप लागली असेल. स्कूटी पुढं निघून गेली.